टेकाडावरचा जर्दाळू

रोप मला दिसलं तेव्हा ते माझ्या गुडघ्याच्या वर गेलं होतं. हे माझ्या कामाला शोभणारं नव्हतं. टेकाडावर बोटभर रोप दिसलं तरी ते त्याच दिवशी काढायचं, हा माझ्या नोकरीतला पहिला नियम. पण बायको आजारी पडली तेव्हापासून मी उगवतीच्या उतारावर गेलोच नव्हतो. रस्त्यावरून दिसतं तेवढं गवत कापायचो आणि घरी पळायचो. मागे काय माजलंय ते बघायला तेव्हा वेळ नव्हता, आणि ती गेल्यावर इच्छा नव्हती.

टेकाड म्हणतात, पण ती काही खरी टेकडी नाही. माणसांनी रचलेली माती आहे ती. लोखंड नव्हतं, अक्षर नव्हतं, तेव्हाच्या माणसांनी ती टोपल्यांनी वाहून आणली. आत दगडांची एक लहान खोली आहे, आणि त्या खोलीत एक बाई कुशीवर निजवलेली आहे, गुडघे पोटाशी घेऊन. माझ्या आजोबांच्या वेळी तज्ज्ञ लोकांनी एकदा वरचा एक दगड सरकवून आत पाहिलं, चित्रं काढली आणि होतं तसं बंद केलं. त्यानंतर तिथे कुदळ लागलेली नाही. भोवती कुंपण आहे. फाटकाशी पुरातत्त्व खात्याची पाटी आहे: संरक्षित स्मारक, येथे खणू नये, काही पुरू नये, काही लावू नये. पाटीला लागून दोन खोल्यांचं घर आहे, ते माझं. म्हणजे खात्याचं. मी राखणदार आहे तोवर माझं.

त्या आत निजलेल्या बाईला माझ्या बायकोने नाव पाडलं होतं, ‘आतली’. मी गवत कापून आलो की विचारायची, "काय म्हणतेय आतली?" थंडी पडली की म्हणायची, "आपल्यापेक्षा आतलीचं बरं आहे, एवढं मोठं पांघरूण." मला सुरुवातीला ते वेडगळ वाटायचं. पुढे मीही म्हणायला लागलो. एका घरात राहिलं की एकमेकांचं वेड लागतंच.

ती गावातल्या शिंप्यासाठी शर्टांना काजं करायची. घरात उजेड कमी, म्हणून दुपारी शर्टांचा गठ्ठा घेऊन उगवतीच्या उतारावर जाऊन बसायची. जर्दाळूंचा हंगाम असला की गठ्ठ्यावर कागदाची पिशवी असायची. एक काज झालं की एक जर्दाळू. आणि बी थुंकायची ती थेट पुढे, बंदुकीतून सुटल्यासारखी.

"अगं, अशाने इथे बाग होईल," मी ओरडायचो.

"होऊ दे की. मग तुम्ही कशाला आहात? पगार कशाचा घेता?"

ते रोप जर्दाळूचं होतं. पान गोलसर, टोकाला निमुळतं, देठ तांबूस. ती जिथे बसायची तिथून पुढे, थुंकलेली बी जाऊन पडेल तेवढ्या अंतरावर.

काम कसं करायचं ते हाताला पाठ आहे. रोप उपटायचं नाही, कारण मूळ निघताना माती घेऊन निघतं, आणि ती माती एकदा हलली की कुणालाही परत तशी लावता येत नाही. जमिनीलगत कात्रीने कापायचं आणि कापल्या जागी निळं औषध लावायचं, म्हणजे मूळ जागच्या जागी मरतं. कात्री माझ्या खिशात होती, औषधाची बाटलीही होती. मी वाकलो. कात्री बुंध्याला लावली. मग सरळ उभा राहिलो आणि स्वतःला म्हणालो, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी गेलो तो कात्री न घेताच गेलो.

मारलं नाही, एवढ्यावर थांबलो असतो तर निदान म्हणता आलं असतं की धीर झाला नाही. पण मी त्याच्याभोवतीचं गवत मुद्दाम उंच ठेवलं, बाकीचा उतार कापून काढला. ऊन तापलं तेव्हा घरून तांब्या भरून नेला आणि बुंध्याशी ओतला. मग रोजच नेऊ लागलो. तिथे बसायचो, रिकामा तांब्या मांडीवर घेऊन. तिच्याशी बोलायचो वगैरे नाही. नुसता बसायचो. घरात बसवत नव्हतं आणि इथे बसवत होतं, एवढंच.

वसंतात टेकाडावर मेंढरं सोडतात. ती गवत खुडतात आणि त्यांच्या खुरांनी माती उसवत नाही, म्हणून खात्यालाही चालतं. मेंढरं ज्याची आहेत त्याला सगळे ‘दाढी’ म्हणतात. त्याची दाढी बघितली की दुसरं नाव सुचतच नाही. आम्ही एका वयाचे. तो मेंढरं घेऊन फाटकात आला तेव्हा मी त्याला थांबवलं.

"उगवतीकडे सोडू नकोस या खेपेला."

"का? तिकडचं गवत कडू झालं?"

"सांगितलं ना, सोडू नकोस."

"सांगितलं, पण कारण नाही सांगितलं. राखणदारसाहेब, मेंढरांना कारण लागत नाही, मला लागतं. मी त्यांच्यापेक्षा थोडा हुशार आहे असं माझी बायको म्हणते. थोडाच म्हणते, पण म्हणते."

मग तो स्वतःच चढून गेला. उंच गवताचा तो एकटा पुंजका बघून शेंबड्या पोरालाही संशय आला असता. त्याने काठीने गवत बाजूला केलं आणि रोपाकडे बघत बराच वेळ दाढी खाजवली.

"वहिनींचं?"

मी मान डोलावली.

"मॅडम कधी यायच्यात?"

"महिनाअखेर."

मॅडम म्हणजे खात्याकडून पाहणीला येतात त्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. आल्या की आधी चहा घेतात आणि मग टेकाडावर गुडघे टेकून हाताने गवत चाचपत फिरतात.

"त्यांना काय सांगणार आहेस?"

"त्यांना दिसणार नाही."

"दिसणार नाही! अरे, त्या बाईला लेंडीखालचा खडा दिसतो." तो माझ्या शेजारी टेकला. "हे बघ, मी मेंढरं नाही सोडणार. पण उद्याचं काय? झाड आहे ते, माझी दाढी नाही छाटून गप्प बसवायला. अजून काही वर्षांत तुझ्या कौलांना लागेल."

"तेव्हाचं तेव्हा."

"हे तू बोलतोयस?" तो म्हणाला. "एका रानगुलाबाच्या कोंबासाठी तू मला शिव्या घातल्या होत्यास, आठवतंय का?"

मला आठवत होतं. मी उठलो आणि मेंढरं मावळतीकडे वळवायला लागलो. ते त्याचं काम होतं, पण त्याने करू दिलं.

मॅडम यायच्या आधीच्या आठवड्यात मुलगी आली. ती शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. जावयांना सुट्टी नव्हती, म्हणून एकटीच आली. आईचं कपाट आवरायला आले, म्हणाली. मी म्हटलं, चहा घे आधी. चहा झाला. मी म्हटलं, जरा पड, प्रवासाने दमली असशील. ती म्हणाली, "बाबा, कपाटाची चावी द्या." मी चावी शोधायला लागलो. ती माझ्या खिशातच होती आणि मला ते माहीत होतं.

"राहू दे ते कपाट," मी म्हणालो. "चल, तुला एक दाखवतो."

मी तिला वर घेऊन गेलो. का नेलं, ते मला नीट सांगता येणार नाही. इतके दिवस ते एकट्याने लपवत होतो. कुणीतरी आपल्या माणसाने बघावं असं वाटलं असेल. गवत बाजूला केलं. तिने पान दोन बोटांत धरलं, तिची आई कापड धरायची तसं, आणि ती मटकन खालीच बसली. रडता रडता हसायला लागली.

"बाबा, पण हे माझंही असू शकतं."

"म्हणजे?"

"मी आले की आमची शर्यत लागायची ना, लांब कोण थुंकतंय याची. मीच जिंकायचे. आई रडीचा डाव खेळायची, पुढे सरकून थुंकायची. हे इतक्या लांब आलंय म्हणजे माझंच."

मला ते ऐकवेना. "तिचं आहे," मी म्हणालो.

"बरं बाबा, तिचं."

"बरं म्हणू नकोस. तिचं आहे."

तिने माझ्याकडे बघितलं आणि गप्प झाली. पण जे व्हायचं ते झालं होतं. ती गप्प झाली तरी माझ्या डोक्यात सुरू झालं. मुलीचं असेल. एखाद्या पाहुण्याने टाकलेल्या बीचं असेल. पक्ष्याने आणलं असेल. इतके दिवस मला खात्री होती, आणि त्या खात्रीवर मी तांब्याने पाणी घालत होतो. आता खात्री गेली, आणि तरी रोप तोडावंसं वाटेना. उलट जास्तच जीव अडकला.

संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला.

"आपण ते काढून कुंडीत घालू. मी घेऊन जाते. आमच्या मागच्या अंगणात ऊन येतं. तुम्हीही चला बरोबर. झाड तिथे, तुम्ही तिथे."

"ते काढता येत नाही."

"का नाही? एवढंसं रोप आहे."

"वर एवढंसं आहे. खाली सोटमूळ हातभर गेलं असेल. ते काढायचं म्हणजे खणावं लागणार. इथे चमचाभर माती उकरली तरी गुन्हा आहे."

"आई गेली, बाबा. आणि तुम्हाला चमचाभर मातीची पडलीय?"

"नुसती माती नाही ती. खाली बाई आहे."

"हाडं आहेत."

"तुझी आई असं बोलली असती का?"

हे मी बोलायला नको होतं. पण बोललो, आणि पुढेही बोलत राहिलो. नदीपलीकडे असंच एक टेकाड आहे, त्याला राखणदार नव्हता. त्यावर मोठं झाड वाढलं होतं. एका वादळात ते उन्मळून पडलं, आणि मुळांच्या गुंत्यात एक कवटी वर आली. मातीसकट, उघड्यावर. बघायला सगळा गाव लोटला होता, आम्हीही गेलो होतो. घरी आल्यावर बायकोने ताटाला हात लावला नाही. "निजलेल्या माणसाला असं अंथरुणातून ओढून काढतात का," एवढंच म्हणाली. मुलगी तेव्हा शाळेत होती. मी तिला याची आठवण करून दिली.

"मग कापा!" ती म्हणाली. ताट तिने पुढे ढकललं होतं. "आतलीची एवढी काळजी आहे ना, मग कापून टाका. कापत का नाही? कापायचं नाही, काढायचं नाही, नुसतं पाणी घालत बसायचं. कपाट उघडायचं नाही, चावी हरवली म्हणायचं. तुम्हाला हवंय तरी काय, बाबा?"

मी ताटं उचलली आणि घासायला घेतली. ती मागून आली, माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि स्वतः घासायला लागली. आम्ही तसेच न बोलता झोपलो.

सकाळी उठलो तर तिचं अंथरूण रिकामं होतं. बाहेर नुकतं उजाडत होतं. तिच्या चपला दारात नव्हत्या. न्हाणीतली बादली नव्हती आणि खिळ्याला टांगलेलं खुरपंही नव्हतं. मी अनवाणीच धावलो. या वयात मी धावत नाही, पण धावलो.

ती रोपाशी गुडघ्यांवर बसली होती. बादली मातीने अर्धी भरली होती. रोपाच्या एका बाजूला तिने खड्डा केला होता, तिचा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढा. मी आलेलो बघून ती दचकली नाही. तोंड पांढरं पडलं होतं.

"बाबा, मूळ संपतच नाही," ती कुजबुजली.

मी पोटावर आडवा होऊन आत बघितलं. मूळ अंगठ्याएवढं जाड होतं आणि सरळ खाली गेलं होतं. खाली करड्या दगडाची कड दिसत होती. मला वाटायचं दगड खूप खोल आहेत. उगवतीचा उतार वर्षानुवर्षं पाण्याने झिजलाय, हे मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. तिथे दोन दगड एकमेकांवर टेकले होते आणि त्यांच्यामधून बारीक फट होती. मूळ त्या फटीपाशी चपटं झालं होतं, पट्टीसारखं, आणि आत शिरलं होतं. फटीतून थंड हवा येत होती. ती माझ्या गालाला लागली.

"ही तीच खोली?" मुलीने विचारलं.

"तिचं छप्पर."

"म्हणजे आतली इथेच, याच्या खाली?"

"हो."

तिने खुरपं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मी मूळ ओढलं, बाबा. निघेल असं वाटलं. आत काहीतरी हललं."

आम्ही दोघांनी कान दिला. सकाळचा वारा होता. जोराचा नाही, पण रोपाची पानं हलवायला पुरेसा. रोप हललं की बुंधा हले, एका बाजूची माती गेल्यामुळे त्याला धर उरला नव्हता. बुंधा हलला की मूळ फटीत किंचित सरके. आणि प्रत्येक वेळी आत, दगडाखाली, माती सांडत होती. मुठीतून वाळू सुटावी तसा आवाज. जरा थांबून एक खडा पडला. तो कशावर तरी पडला. मातीवर नाही. कशावर, ते मला विचार करायचं नव्हतं.

"तिच्या अंगावर पडतंय," मुलगी म्हणाली. ती रडत नव्हती. "बाबा, माती परत भरूया. दाबून भरूया."

"भरताना आणखी आत जाईल."

"मग बांधू काहीतरी. काठी लावू."

"काठी कुठे रोवणार? खाली दगड आहे."

पुन्हा वारा आला. पुन्हा आत आवाज झाला.

कात्री मी आदल्या दिवशी तिला रोप दाखवायला जाताना सवयीने खिशात टाकली होती, बाटलीही. रात्री सदरा न बदलता झोपलो होतो, त्यामुळे दोन्ही अजून खिशातच होती. मी कात्री काढली. बुंध्याला लावली. इतकी वर्षं किती रोपं कापली असतील, बोलता बोलता कापली, शीळ घालत कापली. बायको वरून हाका मारायची आणि मी ‘आलो आलो’ म्हणत कापायचो. आता लोखंड तेच होतं आणि दाबलं जात नव्हतं. मुलीने काय केलं, तर पुढे होऊन दोन्ही हातांनी रोप धरलं, हलू नये म्हणून. लहान मुलाला डोकं धरून औषध पाजतात तसं.

"कापा, बाबा. मी धरलंय."

"तू म्हणत होतीस..."

"मी म्हणत होते. आता कापा."

मी दोन्ही हातांनी दाबलं. कापलं गेलं.

आतला गाभा ओला होता, पांढरट हिरवा. कडवट बदामाचा वास आला. औषध लगेच लावावं लागतं, उशीर झाला तर लाकूड तोंड मिटतं आणि मूळ परत फुटतं. मी बाटली उघडली. झाकणाला जोडलेला ब्रश औषधात बुडवून बाहेर काढला. खड्डा बाजूलाच उघडा होता. एक थेंब जरी चुकला असता तर फटीतून आत गेला असता. मी हात मागे घेतला. पुन्हा पुढे केला. पुन्हा मागे घेतला.

"द्या इकडे," मुलगी म्हणाली.

तिने ब्रश घेतला, बाटलीच्या कडेला निपटला आणि कापलेल्या जागी निळा रंग लावला. आधी कड, मग मधला भाग. शेवटच्या महिन्यांत आईला हौस आली म्हणून ती तिच्या नखांना रंग लावून द्यायची, तसा, एक थेंब बाहेर न जाऊ देता. मग तिने झाकण लावलं आणि बाटली मला परत दिली. तिचं बोट निळं झालं होतं. ते तिने गवताला पुसलं.

खड्डा बुजवावा असं तिला वाटत होतं. मी नको म्हटलं. काय आणि किती हललं ते मॅडमना दिसायला हवं होतं, वरून माती टाकली की ते कायमचं झाकलं गेलं असतं. घरातून गोणपाट भिजवून आणलं आणि खड्ड्यावर पसरलं, उन्हाने कड सुकून ढासळू नये म्हणून. मग फोन लावला. बटणं तिने दाबून दिली.

"मॅडम," मी म्हणालो, "टेकाडावर खड्डा झालाय. आम्हीच केलाय."

मग त्या म्हणाल्या, "कशालाही हात लावू नका. मी निघते."

आम्ही वरच थांबलो. तोडलेलं रोप गवतावर आडवं होतं आणि ऊन चढेल तशी त्याची पानं लोंबायला लागली. मुलीने ते उचललं, परत ठेवलं. याची फांदी लावली तर जगेल का, तिने विचारलं. मी म्हटलं, जर्दाळू फांदीने सहसा जगत नाही. बघू का लावून, म्हणाली. बघ, म्हटलं.

"नोकरी जाईल?"

"जाईल बहुतेक."

"माझ्यामुळे."

"गप्प बस."

"मला अजून तुमचा राग आलाय," ती म्हणाली.

"येऊ दे."

"आईला आला असता? आपण तोडलं म्हणून?"

"तुला काय वाटतं?"

तिने लोंबणारं एक पान बोटाने सरळ केलं. "मला नाही माहीत."

"मलाही नाही."

खरोखरच नाही. लोक म्हणतील, तिनेही हेच केलं असतं. दाढी तर म्हणालाच. मधे तो मेंढरं घेऊन आला होता, गोणपाट बघितलं, रोप बघितलं, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "बरोबर केलंत. वहिनींनी हेच केलं असतं." मग मेंढरं घेऊन परत गेला. पण ती काय करणार होती हे तिलाच माहीत. तिच्या तोंडात माझं बोलणं घालून मला मोकळं व्हायचं नाही. तोडलं ते मी तोडलं.

मॅडम आल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चहा विचारला, त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि थेट वर आल्या. गोणपाट दोन टोकांनी उचलून बाजूला ठेवलं. खड्ड्यात बघितलं, बादलीतल्या मातीत बघितलं, निळ्या डागाकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही. घालावीशी वाटत होती.

"आत काही पडलं?" त्यांनी विचारलं.

"माती. आणि एक खडा."

"कापल्यावर?"

"कापल्यावर नाही ऐकू आलं."

त्यांनी चष्मा काढला, गवतावर ठेवला आणि खड्ड्याच्या कडेला आडव्या होऊन कान दगडाजवळ नेला. एक हात वर केला, गप्प राहा म्हणून. आम्ही दोघं जिथे होतो तिथेच बसलो. मुलीने माझं मनगट धरलं. दूर दाढी कुत्र्याला हाका मारत होता, त्या थांबल्या. वारा आला, उतारावरचं गवत आडवं झालं, परत उभं राहिलं. मॅडमचा हात वरच होता. दुसऱ्यांदा वारा आला.

त्यांनी हात खाली घेतला. उठून बसल्या, कपाळाला लागलेली माती पुसली आणि चष्मा लावला.

"थांबलंय," त्या म्हणाल्या. "आता सांगा. पहिल्यापासून."

मुलगी तोंड उघडणार तेवढ्यात मी तिचा हात दाबला.

"पहिल्यापासून म्हणजे," मी म्हणालो, "पाणी मी घालत होतो."